मंगळवारच्या अळ्या

सातव्या झाडावर तीन अळ्या होत्या आणि बोंडाला एकही भोक नव्हतं.

रचना मेश्राम पुन्हा उकिडवी बसली. एकेक बोंड बोटांत फिरवून तिनं नीट पाहिलं. बोंडअळी बोंड पोखरून आत शिरते, खालच्या पानावर घाण टाकते. इथं पानं स्वच्छ होती. तीन हिरव्या अळ्या मात्र देठावरून खाली-वर हिंडत होत्या.

"काय शोधून राहिली वो एवढं?" शेताच्या धुऱ्यावरून शामकलाबाईंनी विचारलं.

"अळ्या आहेत, मावशी. पण खाल्लेलं काहीच दिसत नाही."

"मंग भूक नसन त्याइले," शामकलाबाई म्हणाल्या आणि गवत कापायला वाकल्या.

लाल फीत बांधलेली वीस झाडं तपासून झाल्यावर रचनानं वहीत आकडा लिहिला. सात.

साल २०११. दसरा नुकताच झाला होता. चिचगडच्या आसपास जिकडे पाहावं तिकडे धान. त्यात वरच्या अंगाला मुरमाड बरड पडीत राहायची. त्या बरडीवर फवारणीशिवाय कापूस येईल का, हे रचना शोधत होती. तिच्या पीएचडीचा विषयच तो होता. शामकलाबाईंनी आपल्या बरडीतले दोन तुकडे तिला दिले होते. एकात नुसती कपाशी, इथल्या बोलीत पऱ्हाटी; दुसऱ्यात पऱ्हाटीच्या मधे बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, ओळी. बरबटीवर मावा येतो, माव्याच्या मागं ढालकिडे येतात आणि ते बोंडअळीची अंडीही फस्त करतात, असा तिचा हिशेब होता.

नुसत्या पऱ्हाटीत दर आठवड्याला सात-आठ अळ्या मिळत, पोखरलेल्या बोंडांसकट. बरबटीच्या तुकड्यात दसऱ्यापर्यंत एकही नव्हती. आणि आता एकदम सात.

पुढच्या मंगळवारी चार मिळाल्या. त्याच्या पुढच्या मंगळवारी नऊ. बोंडं तशीच धड.

रचनानं दोन अळ्या बाटलीत घालून गोंदियाला खोलीवर नेल्या. बोंड दिलं तर दोघींनी कुरतडलं. म्हणजे भुकेचाही प्रश्न नव्हता. तिला जेवताना, बसमध्ये, कपडे धुताना तेच सुचू लागलं. अंडी घातली कुणी? ढालकिडे इतके असताना ती उबली कशी? आणि खाल्ल्याशिवाय अळी एवढी वाढली कशी?

एका गुरुवारी न कळवता ती चिचगडच्या बसमध्ये बसली. वीसही झाडं पाहिली. एक अळी नव्हती.

"आज गुरवार होय न?" शामकलाबाई घाईघाईनं धानाच्या बांधीतून वर आल्या. "आज काऊन आली?"

"सहज, मावशी."

संध्याकाळी तिनं मार्गदर्शक सरांना फोन केला. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"अगं, मग गुरुवारचाच आकडा मंगळवारी टाक. दोन दिवसांनी कुणाचं काय बिघडतं? या तीन-चार नोंदींनी तुझी दोन वर्षं फुकट जातील. दोन्ही तुकडे सारखेच दिसतील."

"पण सर, मंगळवारी अळ्या होत्या."

"बघ बाई. प्रबंध तुझा आहे."

रचना बराच वेळ वही उघडून बसली. शून्य लिहायला असा किती वेळ लागतो! बरडी नांगरायची की नाही, हे गावातली पंधरा घरं तिचा निकाल ऐकून ठरवणार होती. पण दोन वर्षांपूर्वी याच गावात बियाणं विकायला आलेला एक माणूस मोहाच्या झाडाखाली बसून गोड बोलून गेला होता आणि लोकांचं धान पोचट निघालं होतं. तेव्हापासून गाव पाहुण्याला चहा द्यायचं, ऐकून घ्यायचं आणि विश्वास ठेवायचं नाही.

तिनं वही मिटली. पुढच्या मंगळवारी अकरा अळ्या मिळाल्या. तिनं अकरा लिहिल्या.

त्या रविवारी समाजमंदिरात बैठक भरली. भैयाजी गावातले जाणते. त्यांनीच विचारलं, "मॅडम, सांगा मंग. पेराची का नाही पेराची?"

रचना उभी राहिली.

"माझ्यावर विसंबून पेरू नका," ती म्हणाली. "बरबटीचा फायदा होईल असं मला वाटलं होतं. पण शेवटच्या महिन्यात त्या तुकड्यातही अळ्या मिळाल्या. का मिळाल्या, ते मला कळलं नाही. जे कळलं नाही ते तुम्हाला कसं सांगू?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. भैयाजींनी खांद्यावरचा दुपट्टा झटकला. "चला मंग. झालं."

"थांब भैयाजी," शामकलाबाई मागून उठल्या. "पोरी, वही काढ. दसऱ्यानंतरच्या मंगळवारी किती लिवल्या?"

"सात."

"मंग चार."

रचनानं पान उलटलं. चार.

"मंग नऊ. मंग अकरा."

रचनाचं बोट आकड्यांवरच थांबलं. ही वही तिनं गावात कुणालाही दाखवली नव्हती.

"मावशी, तुम्हाला कसं माहीत?"

शामकलाबाईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्या भैयाजींकडे वळल्या.

"दर मंगळवारी हे पोरगी याच्या आंधी धुऱ्यावरच्या तुरीतून मोजून आणल्या न मीनंच सोडल्या हिच्या झाडाईवर. जेवढ्या सोडल्या तेवढ्याच पोरीनं लिवल्या, भैयाजी. पऱ्हाटीची सोताची एकबी नाही."