पहिला घास आईचा

रंगुबाई धक्क्याच्या पायऱ्या उतरून सरळ हॉटेलात आली, बाकावर बसली आणि म्हणाली, "इमामबी, एक मरळ तळ."

इमामबीच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. चहा पीत बसलेले गावचे कोळी गहिनीनाथ आणि कानिफनाथ एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले.

बघणारच की! बेलथडीत कुणी धरणाच्या पाण्यात गेलं आणि सापडलं नाही, तर गाव त्या पाण्यातला मासा तोंडात घालत नाही. कुठल्या माशानं काय खाल्लंय, कुणाला ठाऊक? माणूस सापडलाच नाही तर एकच वाट उरते. त्याच्या आईनं चारचौघांत माशाचा पहिला घास घ्यायचा. म्हणजे आईनं आशा सोडली. मग गाव मोकळं.

रंगुबाईचा एकुलता एक भागवत गेल्याच्या गेल्या दिवाळीला जाळं घेऊन गेला तो गेलाच. पालथी होडी तेवढी काठाला लागली. तेव्हापासून रंगुबाईनं मासा शिवला नाही. कोळ्यांचे मासे नेवाशाच्या बाजारात जात राहिले, गावच्या चुलीवर मात्र चढले नाहीत.

मेलं कोण, तर इमामबीचं हॉटेल. हॉटेल कसलं, चार बाकं, वर पत्रा आणि पुढ्यात नजर पोचेल तिथवर पाणी. तिथं फक्त मासाच मिळायचा. "पाण्याकाठी बसून कोंबडी मागणाऱ्यानं हायवेला जावं," असं तिचा नवरा मोहियोद्दीन म्हणायचा. तो गेल्यावरही तिनं त्याचा शब्द मोडला नाही. पण होडीतून उतरणारा पाहुणासुद्धा गावाची गोष्ट ऐकून नुसत्या चहावर उठायचा. शेवटी नागापूरला कंपनीत असलेला लेक फरदीन म्हणाला, "अम्मी, बास झालं आता, हिकडं ये." उद्या सकाळी त्याचा टेम्पो येणार होता. मोहियोद्दीनची कबर मागं ठेवून जायचं, या विचारानं इमामबीला झोप नव्हती.

तरी या दोन वर्षांत तिनं रंगुबाईजवळ चकार शब्द काढला नव्हता. तुझं लेकरू मेलं असं म्हण, हे आईला कोणत्या तोंडानं सांगायचं?

"आक्का, माझ्यासाठी म्हनून खाऊ नको," इमामबी म्हणाली. "माझं नशीब माझ्यापाशी."

रंगुबाईनं कोपऱ्यात बांधून ठेवलेल्या भांड्यांकडं पाहिलं. "तुझं लई वाटोळं केलं मी, इमामबी. तळ तू."

कानिफनाथनं होडीतून ताजी मरळ आणून दिली. तेल तापलं. मसाल्याचा वास दोन वर्षांनी पत्र्याखाली फिरला, तसं इमामबीला गलबलून आलं. बाहेर पाणी आणि आभाळ एक झालं होतं. लांबच्या होड्या हवेतच तरंगल्यागत दिसत होत्या. बगळे जागचे हलत नव्हते. सगळी दुपारच कशी झोपेत चालल्यासारखी होती.

गहिनीनाथला गप्प बसणं कधी जमलंय! "वाळूवाल्या कल्याणशेठला काल कोर्टानं जन्मठेप दिली म्हनं."

"देतील न्हाई तर काय! तलाठ्याच्या अंगावर डंपर घातला त्यानं," कानिफनाथ म्हणाला.

"अरं, सुटलाच असता. पर कुनीतरी डोळ्यानं बघितलेला उभा ऱ्हायला. बंद दाराआड साक्ष झाली. नाव काय बाहेर आलं न्हाई."

"लिंबू हाय का गं?" रंगुबाईनं विचारलं.

ताट आलं. रंगुबाईनं बाजरीची भाकरी मोडली, माशाचा तुकडा काढला आणि घास तोंडात घातला. गहिनीनाथनं डोक्यावरची टोपी काढली. इमामबीनं पदर तोंडात कोंबला, पण हुंदका काही थांबला नाही.

"काळजावर धोंडा ठेवलास गं, आक्का. अल्ला तुझं भलं करो."

रंगुबाई खातच होती. आणि कशी खात होती! काटे चोखून, बोटं चाटून, वर भाकरीनं ताट पुसून.

"दुःखानं डोक्यावर परिनाम झाला हिच्या," गहिनीनाथ हळूच म्हणाला.

कानिफनाथ मात्र पायऱ्या चढून ओरडत सुटला, "रंगुकाकीनं घास घेतला! गाव मोकळं झालं!" बघता बघता धक्क्यावर माणसं जमली. कुणी चिलापी मासे घेऊन आलं, कुणी लाकडं. बांधलेली भांडी बायांनी सोडली. सगळे खाली मान घालून, रंगुबाईकडं न बघता जेवायला बसले. जेवता जेवता बाया डोळे पुसत होत्या. तरी कालवण मात्र परत परत मागत होत्या.

इमामबीनं फरदीनला फोन लावला. "बेटा, टेम्पो नको. न्हाई न्हाई, रडत न्हाई मी. हॉटेल चालू झालं रे!"

गहिनीनाथ हात धुऊन रंगुबाईजवळ आला. थोडा वेळ घुटमळला. मग घसा साफ करून म्हणाला, "वैनी, आता रीतीपरमानं सगळं करून टाकू. उद्या भटजींना सांगतो."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? भागवताच्या दहाव्याला."

रंगुबाईनं मोबाईलच्या पडद्यावर एकदा नजर टाकली, लुगड्यानं तोंड पुसलं आणि चुलीकडं वळून म्हणाली, "इमामबी, आनखी एक मरळ टाक."

"अगं खा की पोटभर! तुला नको म्हनन का मी?"

"मला न्हाई, भागवताला. कल्याणशेठचा निकाल लागस्तवर गावात तोंड दावायचं न्हाई, असं मीच बजावलं हुतं त्याला. पोलिसांची गाडी आत्ताच फाट्यावर सोडून गेली. चालत येतोय, भुकेला असंल."