परांची

सख्ख्या भावाशी वाद झाला म्हणून विश्वजितनं नव्या घराची भिंत हद्दीला चिकटवून उभी केली, बोटभरही जागा सोडली नाही. आता पावसाळा तोंडावर आला. बाहेरून गिलावा करायचा तर परांची भावाच्याच अंगणात बांधावी लागणार होती. इंद्रजितनं साफ बजावलं, "माझ्या जागंत येक जरी बांबू रवला, तर तंगडं मोडीन!"

विश्वजित गवंडी हरिबासमोर फणफणत होता. "भाऊ हाय का वैरी? पोराबाळांच्या अंगावर पाणी गळंल, त्येचं बी ह्याला काय न्हाई! आसला भाऊ दुश्मनाला बी नगं!"

हरिबानं हातातली थापी खाली ठेवली.

"मालक, तीन वर्सामागं त्येंच्या भिंतीसाठी मी तुमच्या अंगणात परांची बांधली हुती. तिच्या दोऱ्या कोयत्यानं कुणी तोडल्या?"