शेवटची जिवंत माती

गावातल्या सगळ्या शेतांची माती तपासून झाली. गांडूळ सोडाच, एकाही नमुन्यात जिवंत जिवाणू सापडला नाही. सात वर्षांत कुणी ज्वारीचं कणीस पाहिलं नव्हतं. जिवंत माती उरली होती ती फक्त दफनभूमीत, कारण तिथं कधी फवारणी झाली नव्हती. तीच उकरून शेतांत विरजणासारखी मिसळायची, असं ग्रामसभेत ठरलं. त्यासाठी तिथं पुरलेल्या प्रत्येक माणसाच्या घरच्यांची सही हवी होती.

महानंदाची लेक गिरिजा चार वर्षांपूर्वी तिथं पुरली होती.

"ताई, तुमची एकच सही राहिलीय," कृषी सहायक चाचरत म्हणाला.

"माझी पोर उपाशी गेली, तेव्हा ही माती तपासायचं का नाही सुचलं?"

त्यानं कागद तिच्यापुढं सरकवला. शेजारच्या घरात तान्हं मूल भुकेनं किरकिरत होतं. महानंदानं सही केली.

त्या वर्षी ज्वारी डोक्याच्या वर वाढली. नव्या पिठाची पहिली भाकरी तिनं नवऱ्याच्या ताटात ठेवली. वीरभद्रानं तुकडा मोडला, पण त्याचा हात तोंडापर्यंत जाईना.

"खा," महानंदा म्हणाली. "पोरीनंच वाढलंय."