पेनचा परवाना

शाळेच्या जत्रेत, सॉसेजच्या स्टॉलशेजारी पास्को मिसच्या नव्या पुस्तकाचं टेबल मांडलं होतं. प्राथमिकच्या पोरांना लिहितं कसं करावं, याचं त्यांच्या बत्तीस वर्षांच्या शिकवण्यातलं सार त्यात होतं. सही घ्यायला रांग लागली होती आणि मिस प्रत्येक पालकाला बजावत होत्या, "अक्षराकडे बघत बसू नका हो. मूल काय सांगतंय ते बघा!"

चौथीतली टिली आईची प्रत घेऊन पुढे आली. तिने एक पान उघडून दाखवलं.

"मिस, आजोबांच्या आंधळ्या कुत्र्याची ही गोष्ट माझीय ना? मी वर्गात लिहिलेली?"

मिस जरा गडबडल्या. मग हसून म्हणाल्या, "तुझीच गं बाई! नाव तेवढं घालायचं राहिलं बघ. चल, इथे सही तूच कर." त्यांनी आपलं पेन तिच्यापुढे धरलं.

टिलीने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मला नाही चालत पेन. सगळ्या वर्गाला तुम्ही पेनचा परवाना दिलात, पण माझं अक्षर सुधारेपर्यंत मी पेन्सिलच वापरायची, असं तुम्हीच म्हणालात." मग तिने हळूच विचारलं, "पुस्तकात पेन्सिल चालते का, मिस?"