चार मिलिसेकंद

सॉफ्टवेअरची चाचणी चार मिलिसेकंदांत हिरवी झाली, म्हणजे पास. दूरच्या सर्व्हरकडून उत्तर यायलाच किमान चाळीस लागतात. ऋजुताला हे तीन आठवड्यांपासून खटकत होतं आणि ती रोज ते उद्यावर ढकलत होती.

आज तिने तो सर्व्हर सरळ बंद केला आणि चाचणी पुन्हा चालवली. तरीही हिरवी. कोडमध्ये 'अवेट' हा एकच शब्द लिहायचा राहिला होता, म्हणून चाचणी सर्व्हरला हाक मारून, उत्तराची वाट न पाहताच पास होत होती. ती ओळ ऋजुताचीच होती. तीच कॉपी करून टीमने बाकीच्या साठ चाचण्या लिहिल्या होत्या.

"अगं, सगळं हिरवंगार आहे, आता काय उकरत बसलीयेस?" टीम लीड निनाद खुर्ची ओढत म्हणाला. "चारला लॅबवाले कॉलवर येतायत. जरा हसून बोल, नाहीतर तुझंच रक्त तपासायला मागतील."

ती हसली नाही. आजपासून लॅबमधले रुग्णांचे रिपोर्ट त्याच सर्व्हरवरच्या मेसेज क्यूमधून, म्हणजे निरोपांच्या रांगेतून, डॉक्टरांकडे जाणार होते. जोडणी तुटली तर काय होतं, हे खरं तपासलंच गेलं नव्हतं; एखादा रिपोर्ट वाटेतच हरवला असता, आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

कॉल लागला. लॅबच्या मॅडमनी विचारलं, "मग, करायचं ना सुरू?"

"हो तर!" निनाद म्हणाला.

ऋजुताने डोळ्यांवरून हात फिरवला आणि माइक सुरू केला.

"नाही मॅडम. आमच्या चाचण्या खोट्याच पास होतायत, आणि मूळ चूक माझी आहे. आज सुरू करू नका."