बाबांचा ओरडा

भार्गवीच्या कपाटातून नव्याकोऱ्या चपलांची अकरा खोकी धडाधड खाली आली आणि बाबांचा पारा वर चढला.

"दहावीतच ही थेरं? कॉलेजात गेलीस की बंगळूरचा अख्खा शिवाजीनगर बाजार घरी आणशील!"

विद्यापीठात पोरींना साधेपणाचे धडे देणारी आई दारातून निमूट आत निघून गेली.

भार्गवीने तणतणत एक चप्पल पायात घातली. मागे चांगली दोन बोटं जागा उरली. "बघा! माझ्या मापाची तरी आहे का?"

"स्वल्प हळू," बाबा कुजबुजले. "आईच्या आहेत, माहितीये गं. पण तिला ओरडलं की ती लगेच बाजार गाठते. म्हणून तुला ओरडलो."

"वा रे न्याय! मग मी कुठे जायचं?"