जेवणाच्या वेळेला

रझाकारांच्या धामधुमीत जगदेवप्पा बायकोला, चंद्रम्माला, घेऊन मंठाळहून सरहद्दीपलीकडे पळाला होता. निजामी संपल्यावर तो एकटाच परतला. घरात केरसुणीसुद्धा उरली नव्हती. सगळं सामान वरच्या आळीतल्या श्रीपतरावांनी 'जपून' ठेवलं होतं.

जगदेवप्पा भांडला नाही. रोज श्रीपतराव ताटावर बसले की तो दारात उभा राहायचा आणि आपली एकच वस्तू मागून न्यायचा. तवा आला त्या दिवशी कित्येक महिन्यांनी त्यानं घरची भाकरी खाल्ली. पाभर आली तशी ज्वारी पेरली. ज्वारी वीतभर वर आली, तरी त्याचं येणं चालूच होतं. श्रीपतरावांना घास गिळवेना.

एक दिवस त्यांनी उरलेलं सगळं ओट्यावर आणून टाकलं. "एकदाच ने की सगळं! रोज रोज कामून छळायलास? माझी गाडी जुंपून देतो."

"गाडी तवाच द्यायची होती, श्रीपतराव. चंद्रम्मा तापानं फणफणली होती. चालवत न्हाई म्हणून तुमच्या पाया पडली होती. वाटंतच गेली ती."

त्यानं ढिगातलं एक उलथनं तेवढं उचललं.

"जेवा तुम्ही. उद्या येतो."